भांडी घासलेली तरी काढ!

प्रश्न : ताई, मी पुण्यात फोटोग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव बार्शी. सेमिस्टरला वीस फोटो द्यायचे होते तर मी वारी केली, म्हणजे दिवे घाटात सकाळपासून जागा धरून वरून पताकांची रांग, फुगडी, एका म्हातारीचे सुरकुतलेले हात, शिवाय जेजुरीला जाऊन भंडारा उधळतानाचे. सरांनी सगळे बघितले आणि म्हणाले, फोटो चांगलेत, पण यात तू कुठे आहेस? वर्ग हसला. आता मी कुठे असणार, कॅमेऱ्याच्या मागे होते ना! त्यांना नक्की काय पाहिजे? वेगळं एडिटिंग, की ब्लॅक अँड व्हाइट केलं की पर्सनल वाटतं, की लेन्सच बदलायला हवी (माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स आहे, 50 एमएमची घ्यायचं चाललंय)? सुट्टीत घरी गेले की आईच्या खानावळीत मोबाईलवर काढते फोटो, टाइमपास म्हणून, दुपारी चारला मेंबर नसतात तेव्हाचे, पालथी घातलेली ताटं, खाड्यांची वही, तवा वगैरे. आई ओरडते, अगं निदान भांडी घासलेली तरी काढ! दीडेकशे असतील, पण त्यात सब्जेक्ट असा काही नाहीये. तर लेन्स घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : लेन्स नको घेऊस. पैसे ठेव, प्रिंटला लागतील, खाली सांगते.

सरांनी भर वर्गात विचारायला नको होतं, पण प्रश्न खोटा नाहीये गं. दिवे घाटाचा तो फोटो माझ्याकडेपण आहे, रोलच्या जमान्यातला, आणि माझ्याआधी तिथं उभं राहून गेलेल्यांकडेपण आहे. आपण तिथं जातो तेव्हा फोटो आधीच डोक्यात छापलेला असतो, आपण फक्त जाऊन तो जुळतोय का बघतो. जेजुरीचं तसंच, पिवळा रंग एवढा जबरदस्त की कुणीही बटण दाबलं तरी फोटो येतो. वाईट काही नाही त्यात, हात बसतो. पण मग त्याखाली तुझंच नाव का, दुसऱ्या कुणाचं का नको, याला उत्तर देता येत नाही.

आता तुझं पत्र परत वाच. वारीबद्दल सगळं लिहिलंयस पण त्यात एकही गोष्ट अशी नाही की जी मला आधी माहीत नव्हती. आणि खानावळीबद्दल दोनतीन ओळीच, त्यासुद्धा टाइमपास म्हणून, तरी मला चारची वेळ कळली, पालथी ताटं कळली, खाड्यांची वही कळली, आई कशी बोलते तेपण कळलं. सब्जेक्ट नाही म्हणतेस? कोण किती दिवस जेवायला आलं नाही याचा हिशोब ठेवणारी वही, बाई, मला तर नुसतं वाचून ती बघावीशी वाटतेय.

योसेफ सुदेक नावाचा प्रागचा फोटोग्राफर होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला, तरी तो मोठमोठे लाकडी कॅमेरे वापरायचा. 1940 ला, म्हणजे जर्मनांनी शहर ताब्यात घेतलेलं तेव्हा, त्यानं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि 1954 पर्यंत काढत राहिला. तीच खिडकी, कधी वाफ धरलेली काच, कधी दव, बाहेर एक वाकडं झाड. चौदा वर्षं! आणि तू दीडशे फोटोंना कंटाळलीस. आपल्याकडच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला बघ, त्यांचे दिल्लीतले नेहरूंचे वगैरे फोटो सगळ्यांना माहीत असतात, मला मात्र मुंबईत असतानाचे, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मैत्रिणींचे जास्त आवडतात. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून यायचे. पण त्या पोरी कॅमेऱ्यासमोर इतक्या मोकळ्या बसल्यात की काढणारी त्यांच्यातलीच एक आहे हे दिसतं, वर नाव कुणाचं का असेना.

आता कामाचं. तुझे खानावळीचे फोटो मी बघितले नाहीत पण पैजेवर सांगते, तवा करडा आला असणार. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, त्याला सगळं साधारण 18 टक्के करडं, म्हणजे ना काळं ना पांढरं असं मधलं करायचं असतं. काळ्या तव्यावर धरला की म्हणतो अंधार झाला, आणि उजेड वाढवून ठेवतो. मोबाईल तर त्याच्यापुढे, काजळी धरलेली भिंतसुद्धा उजळून गुळगुळीत करतो. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं, काळं काळं होईपर्यंत. किती काळं ते तू ठरवायचं. ती काजळी तू लहानपणापासून बघतेयस, फोननं पहिल्यांदा बघितली. ब्लॅक अँड व्हाइटचं विचारलंस ना, त्याच्या आधी हे कर.

आणि प्रिंट काढ, चाळीसेक, साधे फोर बाय सिक्स. मेंबर गेले की खानावळीत खाली पसरून ठेव आणि आईला म्हण, यातले तुला नको असलेले उचल. ती का उचलते ते विचारू नकोस लगेच, ऐकत बस नुसतं. घासलेली भांडी म्हणतेय ती, कारण ताट खरकटं दिसलं तर तिच्या खानावळीची अब्रू जाते, ते चूक कसं म्हणायचं? तुमचं यावरून भांडण होईल, होऊ दे. तिला चाललेले आणि तुला हवेच असलेले, दोन्ही गठ्ठे वेगळे ठेव, सरांना दोन्ही दाखव. मेंबर लोकांचे काढणार असशील तर आधी विचार, आणि वहीतली नावं दिसू देऊ नकोस, कुणाची किती बाकी आहे ते गावभर कशाला.

प्रश्न : लग्नाचे फोटो काढतो. पार्टीला स्टेजवरचे सगळे नातेवाईक पाहिजेत, करिझ्मा अल्बम (जाड पानांवर डिझाइन करून छापलेला) पाहिजे, ड्रोन पाहिजे. यात माझं स्वतःचं काय उरतं?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : ऑर्डरमध्ये फार काही उरत नाही भाऊ, आणि ज्यांचे पैसे त्यांचा अल्बम, मावशी राहिली तर ऐकून तुम्हालाच घ्यावं लागतं. पण पंगती उठल्यावर आचारी जेवायला बसतात, खुर्च्यावाले खुर्च्या रचतात, तेव्हा तुम्ही चार्जर गुंडाळत तिथंच असता ना? हॉलमध्ये पाहुणे नसताना ते सगळं बघायला मिळतं असा त्या लग्नात तुमच्याशिवाय दुसरा कोण आहे? पाच फ्रेम काढा, प्रत्येक लग्नात, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. हार्डडिस्क भरली की आधी ड्रोनचं उडवा.