डोंगर पोखरला, निघाला बकल्स

प्रश्न : २०२१च्या टाळेबंदीत मी मुलीकडे लेस्टरला होते. तेथे आम्ही बीबीसीवरील ‘लाइन ऑफ ड्यूटी’ ही मालिका पहिल्या पर्वापासून पाहून काढली आणि सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग साऱ्या देशाबरोबर रविवारी रात्री पाहिला. पोलीस खात्यात इतकी वर्षे दडून बसलेला ‘एच’ हा सूत्रधार शेवटी इयन बकल्स निघाला! ज्याला खात्यात कोणी हिंगलून विचारत नव्हते, तो. मला तरी हा डोंगर पोखरून उंदीर काढण्याचा प्रकार वाटला. जावईबापू मात्र म्हणतात की, याहून खरा शेवट असूच शकत नाही. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही. आपले मत काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या घरात पडले तेच दोन तट २ मे २०२१च्या त्या रात्री ब्रिटनमध्येही पडले होते. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेड मर्क्युरिओ यांनी लिहिलेली ही मालिका २०१२ मध्ये सुरू झाली. भ्रष्ट पोलिसांचा माग काढणारे ‘एसी-१२’ हे पोलिसांचेच काल्पनिक पथक, त्याचे प्रमुख टेड हेस्टिंग्ज आणि त्यांचे दोन सहकारी, स्टीव्ह आर्नट व केट फ्लेमिंग, हा तिचा कायमचा संच आहे. प्रत्येक पर्वात एका नव्या अधिकाऱ्याची चौकशी होते. पण त्या सगळ्या चौकशांच्या तळाशी, संघटित गुन्हेगारांच्या टोळीला आतून सांभाळणारा वरिष्ठ कोण, हा एकच प्रश्न असतो.

मला विचाराल तर आपणही बरोबर आहात आणि जावईबापूही. फक्त आपण दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहात. मालिकेने दिलेले उत्तर योग्य होते, पण ते पडद्यावर ज्या रीतीने आले ती रीत फिकी होती.

आधी उत्तराविषयी. ‘एच’च्या शोधाची ठिणगी तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, २०१६ मध्ये, पडली. पथकातच लपलेला टोळीचा माणूस डॉट कॉटन मरता मरता जबाब देतो आणि त्यातून पुढच्या पर्वात ‘एच’ हे एवढे एकच अक्षर हाती लागते. हेस्टिंग्ज यांचे आडनावही त्याच अक्षराने सुरू होत असल्यामुळे प्रेक्षक पुढची काही वर्षे त्या भल्या गृहस्थाकडे संशयाने पाहत राहिले. मग २०१९ मध्ये, पाचव्या पर्वाच्या शेवटी, त्याच जबाबाची चित्रफीत पुन्हा लावली जाते आणि या वेळी कॉटनच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या हाताकडे लक्ष जाते. बोटे चार वेळा आपटत असतात. मोर्सच्या लिपीत चार टिंबे म्हणजे ‘एच’. म्हणजेच ‘एच’ हा कोणी एक माणूस नसून आतून फितूर झालेली ती चार माणसे आहेत. स्वतः कॉटन, वरिष्ठ पोलीस अधिकारी हिल्टन आणि पोलिसांची कायदा सल्लागार जिल बिगेलो हे तिघे तोवर कळलेले होते. उरला फक्त चौथा.

सूत्रधार असा कोणी नाही, हे मालिकेने त्याच वेळी स्वच्छ सांगून टाकले होते. तरीही सहाव्या पर्वाने त्या ‘चौथ्या माणसा’भोवती पूर्वीचेच गूढ पुन्हा उभे केले आणि प्रेक्षकही मागचे विसरून त्यात रमले. बकल्स तर पहिल्या पर्वापासून डोळ्यांसमोर होता. सहाव्या पर्वात त्याला मध्येच अटकही झाली होती, त्यामुळे बहुतेकांनी त्याच्या नावावर कधीच काट मारली होती. कामचुकार, लाळघोटा, वरच्याची मर्जी राखून बढत्या मिळवणारा अधिकारी: असा माणूस कारस्थान रचू शकणार नाही असे आपण धरून चालतो, आणि खातेही तसेच धरून चालले, म्हणूनच तो वाचला. खात्याने त्याच्या भ्रष्टाचाराला गलथानपणा समजून वर्षानुवर्षे पोटात घातले, ही कल्पना मला कोणत्याही काळ्या चष्म्यातल्या खलनायकापेक्षा अधिक बोचरी वाटते.

तिला वास्तवाचा आधारही आहे. डॅनियल मॉर्गन या खासगी गुप्तहेराचा १० मार्च १९८७ रोजी दक्षिण लंडनमध्ये एका पबच्या वाहनतळावर कुऱ्हाडीने खून झाला. अनेकदा तपास होऊनही त्या खुनासाठी कोणाला शिक्षा झाली नाही. या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशी समितीचा अहवाल १५ जून २०२१ रोजी, म्हणजे आपण म्हणता त्या भागानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, प्रसिद्ध झाला. संस्थेची अब्रू राखण्यासाठी चुका झाकणे किंवा नाकारणे हाही संस्थात्मक भ्रष्टाचाराचाच एक प्रकार आहे, असे समितीने लंडनच्या पोलीस दलाबाबत त्यात नमूद केले. बकल्सला हयातभर सांभाळून घेणाऱ्या खात्याबद्दल मालिकेला याहून वेगळे काय म्हणायचे होते?

आता आपल्या तक्रारीविषयी, आणि ती मला पूर्ण मान्य आहे. या मालिकेची खरी ताकद पाठलागांत किंवा गोळीबारांत नव्हती, ती काचेच्या खोलीतल्या चौकशीत होती. ध्वनिमुद्रण यंत्राचा तो लांबलचक, कान किटवणारा आवाज होतो, टेबलावर कागदपत्रांच्या धारिका उघडल्या जातात, आणि ‘मला माझ्याहून किमान एक हुद्दा वरच्या अधिकाऱ्यानेच प्रश्न विचारले पाहिजेत’ हा हक्क समोरचा अधिकारी ठणकावून मागतो. त्यानंतर कोण कोणाला कोंडीत पकडणार हे शेवटच्या क्षणापर्यंत सांगता येत नसे. बकल्सच्या चौकशीत ही झुंजच नाही. टोळीला जाणाऱ्या गुप्त संदेशांत आणि त्याच्या जुन्या कागदपत्रांत एकाच इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग सारखेच चुकलेले आढळते आणि त्यावरून तो सापडतो. हा दुवा तर्काला धरून आहे, त्या माणसाला शोभणाराही आहे. पण पाच वर्षे ताणलेल्या कोड्याला एका अक्षराची चूक पुरी पडत नाही. त्यात बकल्स आधीच गजाआड असल्यामुळे गमावण्यासारखे त्याच्याकडे फार काही उरलेले नसते. आधी तो गप्प बसतो, मग फुशारक्या मारतो, आणि प्रसंग संपतो. नायजेल बॉइल या नटाने त्या फुशारकीत जो क्षुद्र आनंद दाखवला तो पुन्हा पाहण्याजोगा आहे, परंतु प्रतिपक्षाला डाव टाकायला जागाच न ठेवल्यामुळे सगळे गुंडाळल्यासारखे वाटते. साधारण माणूस गुन्हेगार निघाला म्हणून त्याच्या उलगड्याचा प्रसंगही साधारण असावा, असा काही नियम नाही.

प्रश्न : ज्या भागाला त्या रात्री १ कोटी २८ लाख प्रेक्षक लाभले, त्याला फसलेला भाग कसे म्हणता येईल?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हा आकडा शेवट कळण्यापूर्वी दूरचित्रवाणीसमोर येऊन बसलेल्यांचा आहे. सहाव्या पर्वाचे सात भाग एकेका रविवारी दाखवले गेले, त्यामुळे मधल्या सहा दिवसांत घराघरांत तर्क लढवले जात. एका रात्रीत सगळे भाग मिळाले असते तर बकल्सविषयीची निराशा एवढी तीव्र झाली असती असे मला वाटत नाही, कारण प्रेक्षकांनी स्वतः रचलेले शेवट मालिकेतल्या शेवटापेक्षा भव्य होते. गर्दीवरून उत्सुकता मोजता येते. समाधान मोजायचे तर दुसऱ्या दिवशीच्या गप्पा ऐकाव्या लागतात.

प्रश्न : मालिका खरोखरच संपली का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. बीबीसीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सातव्या पर्वाची घोषणा केली आणि हेस्टिंग्ज, आर्नट व फ्लेमिंग यांच्या भूमिकांत एड्रियन डनबार, मार्टिन कॉम्प्स्टन व व्हिकी मॅक्लूर हेच कलाकार परत येणार असल्याचे सांगितले. सहाव्या पर्वाच्या शेवटी पथकाचे बळ पूर्वी कधी नव्हते इतके खच्ची झालेले आहे आणि भ्रष्टाचाराचा संशय असलेला मुख्य पोलीस अधिकारी फिलिप ऑस्बर्न अजून खुर्चीत आहे. बकल्सचे प्रकरण निकालात निघाले. ऑस्बर्नचे उघडायचे आहे, आणि लेखकाने त्याला काचेच्या खोलीत आणून बसवावे एवढीच माझी अपेक्षा आहे.