मेलविल पहिल्यांदा बघताना

जुन्या फ्रेंच गुन्हेपटांची सुरुवात करायचीच असेल, तर दिग्दर्शक ज्याँ-पिएर मेलविलचा ‘ल सर्क्ल रूज’ (१९७०) घे. मात्र मोबाइलवर, जेवता जेवता बघू नकोस. पॅरिसच्या प्लास वांदोम चौकातल्या जवाहिऱ्याच्या पेढीवरची चोरी जवळपास २५ मिनिटं चालते आणि त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. तिथे कानांनीही सिनेमा बघावा लागतो.

यात घोडे नाहीत, वाळवंट नाही, तरी हा वेस्टर्नच, म्हणजे बंदूकबाज काउबॉयांचा सिनेमाच वाटतो. का, ते चिखलाच्या शेतातल्या प्रसंगात शोध. फरारी कैदी पिस्तूल रोखून उभा आहे, आणि चोर झालेला अलँ दलाँ शांतपणे त्याच्याकडे सिगारेटचं पाकीट फेकतो, मग लायटर. झाली दोस्ती! शपथा नाहीत, भाषण नाही. मला विचारशील तर सगळा मेलविल त्या एका फेकण्यात आहे. तो कैदी झालेला जिआन मारिया वोलोन्ते दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या वेस्टर्नमधला खलनायक, हे लक्षात ठेवून बघ. ईव्ह माँताँचा दारूत बुडालेला नेमबाज तर थेट त्याच जगातून आलेला; त्याचे हात बघत राहा.

सुरुवातीला बुद्धाच्या नावाने एक वचन येतं. ते ग्रंथांत शोधू नकोस, मेलविलनेच रचलंय.

आणि पोलीस अधिकारी बुरव्हिल. फ्रान्सचा लाडका विनोदी नट, इथे मांजरांना खाऊ घालणारा एकटा माणूस. सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच तो गेला. त्याच्या घरातले प्रसंग घाईने पुढे ढकलू नकोस.