क्लोईला ‘नायिका’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: “आम्ही तिघे मित्र अमेरिकी सुपरहिरो मालिकांवर मराठीतून लिहितो. ‘स्मॉलव्हिल’वर लिहिताना गाडी एका वाक्यापाशी अडली. आमच्यातल्या एकाचं ठाम मत आहे की त्या मालिकेचा खरा हिरो क्लार्क नाही, क्लोई आहे. ‘खरा नायक क्लोई’ हे कानाला खटकतं. ‘खरी नायिका क्लोई’ म्हटलं की ती क्लार्कची प्रेयसी वाटते. काय लिहावं? जाता जाता साइडकिक (हिरोचा मदतनीस) आणि अँटीहिरो (नायकाचे गुण नसलेला हिरो) यांनाही शब्द सुचवा.”

आधी उत्तर देऊन टाकतो. ‘स्मॉलव्हिलची खरी वीर क्लोई’ असं लिहा. ‘हिरो’ तसाच ठेवलात तरी माझी तक्रार नाही. ‘नायिका’ मात्र टाळा. तुमचा कान बरोबर सांगतोय, फक्त त्यामागचं कारण जरा जुनं आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘स्मॉलव्हिल’ २००१ ते २०११ अशी दहा सीझन चालली, भाग २१७. सुपरमॅन होण्याआधीच्या क्लार्क केंटची ही गोष्ट. तंग पोशाख नाही आणि उडणंही नाही, असा नियमच निर्मात्यांनी घालून घेतला होता. क्लोई सलिव्हन ही क्लार्कची शाळेतली मैत्रीण. शाळेच्या वर्तमानपत्राची ती संपादक. मूळ कॉमिक्समध्ये ती नव्हतीच, या मालिकेसाठी तिला घडवलं. आणि दहा वर्षं चाहत्यांमध्ये खरा हिरो कोण यावर जे वाद रंगले, त्यांत तिचं नाव हमखास यायचं.

या वादात दोन्ही बाजू खऱ्या असतात, कारण त्या एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. इंग्रजीत ज्याच्याभोवती गोष्ट फिरते तो हिरो आणि जो धाडस करतो तोही हिरो. एक जण म्हणतो, मालिका क्लार्कची आहे, म्हणून हिरो क्लार्क. दुसरा म्हणतो, किंमत क्लोईने मोजली, म्हणून हिरो क्लोई. मराठीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. आपण ‘हिरो’ उचलला आणि त्याच्यासोबत हे भांडणही घरात आणलं.

नायक आणि वीर यांतला फरक क्रिकेटच्या बातमीत स्वच्छ दिसतो. संघनायक शून्यावर बाद झाला तरी संघनायकच राहतो. शतकवीर व्हायचं तर शंभर धावा काढाव्या लागतात, मग तो सातव्या क्रमांकावर आलेला का असेना. ‘नायक’ ही जागा आहे: संघनायक, गटनायक, अधिनायक. ‘वीर’ ही कामगिरी आहे: शतकवीर, अंतराळवीर, दानवीर. वाचाळवीर हा टोमणासुद्धा त्याच साच्यातला. या गृहस्थाने काय करून दाखवलं, तर बडबड. ‘वाचाळनायक’ असं कुणी म्हणत नाही.

‘नायक’ ‘नी’ या धातूवरून आला, नेणारा तो नायक. ‘नेता’ त्याचा सख्खा भाऊ. संस्कृत नाट्यशास्त्राच्या ग्रंथांत नाटकाच्या मुख्य पात्राला ‘नेता’ असंच म्हटलेलं सापडतं, कथानक फळापर्यंत नेणारा या अर्थी. त्याच शब्दाचं झिजलेलं रूप ‘नाईक’. आडनाव म्हणून ते गोव्यापासून विदर्भापर्यंत भेटतं. आणि लष्करात नाईक हवालदाराच्याही खालचा, म्हणजे आपला नायक तिथे फार वर चढलेला नाही. तर मुद्दा असा की, ‘स्मॉलव्हिल’चा नायक क्लार्कच. त्यात वाद घालायला जागा नाही. शाब्दिक अर्थानेसुद्धा गोष्ट तोच ओढत नेतो.

‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात धनंजयाने धीरोदात्त नायकाची लक्षणं सांगितली आहेत, ती या मालिकेच्या चाहत्यांनी एकदा वाचावीत. खोल मनाचा, क्षमाशील, स्थिर, घेतलेलं व्रत न सोडणारा. पण खरी मजा दोन विशेषणांत आहे. एक ‘अविकत्थन’, स्वतःची बढाई न मारणारा. दुसरं ‘निगूढाहंकार’, ज्याचा अहंकार विनयाखाली झाकलेला आहे असा. दहाव्या शतकातल्या माणसाने शेतावर राहणाऱ्या, ताकद लपवणाऱ्या चष्मेवाल्याचं वर्णन केल्यासारखं वाटतं ना? (चष्मा मालिकेत फार उशिरा येतो हे मला ठाऊक आहे, चाहत्यांनी कृपया पत्रं पाठवू नयेत.) ‘ॲरो’ मालिकेचा मुख्य पात्र ऑलिव्हर क्वीन पहिल्या सीझनमध्ये वडिलांच्या वहीतली नावं घेऊन माणसं मारत सुटतो. तो धीरोद्धताच्या, म्हणजे गर्विष्ठ नायकाच्या खात्यात जास्त शोभतो. त्या खात्यात ‘चंड’, म्हणजे रागीट, आहे आणि ‘मायाछद्मपरायण’, म्हणजे सोंगं-कपट करणारा, हेही आहे.

आता नायिका, जिथे तुमची गाडी अडली. नायकाचे प्रकार त्याच्या स्वभावावरून पाडलेले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत. नायिकेचे आठ प्रसिद्ध प्रकार पाडले ते प्रियकराच्या संबंधात तिची अवस्था काय आहे यावरून. वासकसज्जा नटूनथटून वाट पाहते. विरहोत्कंठिता तो का आला नाही म्हणून झुरते. खंडिताला तो दुसरीकडे रात्र काढून आल्याचं कळतं, कलहांतरिता भांडून मग पस्तावते, प्रोषितभर्तृकेचा नवरा परदेशी असतो. अभिसारिका तेवढी स्वतः उठून जाते, पण जाते त्याच्याकडेच. हे शब्द काव्यात सुंदर आहेत. पण ‘नायिका’ म्हणताच हा सगळा वास बरोबर येतो. नाट्यपरीक्षणात ‘नायिकेच्या भूमिकेत’ असं लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे नायकाची जोडीदारीण उभी राहते, ती याचमुळे.

क्लार्कची प्रेयसी लाना लँग हिच्याबद्दल चाहत्यांची जी कुरकुर होती, ती नेमकी हीच. तिच्या कथेत क्लार्क आहे की नाही यावर तिचं सगळं काही मोजलं जातं. लाना अष्टनायिकांच्या तक्त्यात बऱ्याच ठिकाणी बसवता येते. क्लोईला बसवायला गेलात तर सुरुवातीला बसते: तिचं क्लार्कवर एकतर्फी प्रेम आहे, मत्सरापोटी ती लायनेल लूथर या बड्या उद्योगपतीशी क्लार्कची माहिती काढण्याचा सौदासुद्धा करते. पुढे ती तक्त्यातून बाहेर पडते. चौथ्या सीझनमध्ये क्लार्कची ताकद ती डोळ्यांनी पाहते आणि गप्प बसते. जगातली सगळ्यांत मोठी बातमी हातात आलेली वार्ताहर ती छापत नाही, आणि आपल्याला कळलंय हे क्लार्कलाही बरेच दिवस सांगत नाही. त्यात प्रेयसीपण उरलेलं नाही. त्यासाठी नायिकाभेदात खाना नाही, ‘वीर’मध्ये आहे.

‘वीर’ पुल्लिंगी आहे, मग क्लोईला कसा लावायचा, अशी शंका येईल. पण वापराने ते कधीच सोडवलंय. ‘अंतराळवीर सुनीता विल्यम्स परतल्या’ हे वाक्य कुणालाही खटकत नाही. स्मृती मानधना शतकवीर ठरली, हेही आपण सहज म्हणतो. ‘वीरांगना’ची गरज नाही. त्यात ‘अंगना’ म्हणजे सुंदर अंगाची स्त्री असा अर्थ आहे, आणि क्लोईच्या गप्प बसण्याचा अंगाशी काय संबंध? ‘रणरागिणी’ मला आवडतो, पण तो मोर्च्यातल्या किंवा तलवार उपसलेल्या बाईला. त्याच नावाच्या मालिकेतल्या, दारू पिऊन कार्यालयात झोपणाऱ्या जेसिका जोन्स या डिटेक्टिव्हला रणरागिणी म्हटलं तर ती आधी तुम्हालाच भिंतीवर फेकेल.

‘वीर’ निवडण्यामागे मला आणखी एक कारण दिसतं, आणि मला वाटतं चाहत्यांचा सगळा वाद तिथेच आहे. महाराष्ट्रात गावोगावी देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराचे स्मारकदगड, उभे असतात. ‘गळ’ दगडासाठीच्या कानडी शब्दावरून आला. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा शेजारी गाई, कारण गाई पळवणाऱ्यांशी लढता लढता तो मेलेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन जाताहेत, त्याहून वर तो शिवलिंगापाशी बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. तो राजा नव्हता, त्याला कुठली शक्ती नव्हती. तो मरू शकत होता, म्हणून वीर.

म्हणजे आपल्या शब्दात जिवाचा धोका आधीपासून गृहीत आहे. ज्याला गोळी लागत नाही त्याने गोळीसमोर उभं राहणं कौतुकाचं असेल, पण तो वीर कसा? चाहते हेच वेगळ्या शब्दांत म्हणत असतात. ‘हिरोज’ मालिकेत (२००६ ते २०१०) क्लेअर बेनेट नावाची मुलगी होती, कितीही जखमा झाल्या तरी भरून यायच्या. तिच्या वडिलांकडे कुठलीच शक्ती नव्हती. पहिल्या सीझनमध्ये जवळजवळ शेवटपर्यंत त्यांचं पहिलं नावही सांगितलं नव्हतं. म्हणून चाहत्यांनी त्यांच्या जाड कडांच्या चष्म्यावरून (हॉर्न-रिम्ड ग्लासेस) ‘एचआरजी’ असं आद्याक्षरी नाव पाडलं. हा माणूस शक्तीवाल्या लोकांना पकडणाऱ्या कंपनीत काम करतो, अजिबात धुतल्या तांदळासारखा नाही. पण मुलगी कुठे लपली आहे हे आपल्याकडून कुणाला काढून घेता येऊ नये म्हणून तो स्वतःची तेवढी आठवण पुसून घेतो आणि वर गोळीही खातो. सगळा सीझन पोरं उडतात, वेळ थांबवतात, भिंतीतून जातात, आणि चाहत्यांच्या मनात बसतो तो चष्मेवाला. बिननावाचा वीरगळच तो.

उलट बाजूने तपासायचं तर ‘द बॉइज’ या मालिकेतला सुपरहिरो होमलँडर घ्या. ‘सेव्हन’ या सात जणांच्या गटाचा तो प्रमुख, म्हणजे धात्वर्थाने पक्का नायक. पहिल्याच सीझनमध्ये विमान वाचवायला जातो, स्वतःच्याच डोळ्यांतल्या किरणांनी त्याची यंत्रणा जाळतो आणि सगळ्या प्रवाशांना तसंच सोडून निघून येतो. निदान दोघींना तरी नेऊ, अशी सहकारी विनवत असते. काही प्रेक्षक तरीही त्याला ‘हिरो’ म्हणतात. त्यांना मराठीत एवढंच विचारा, वीर म्हणशील का? खलनायक या शब्दाकडेही नीट पाहा. ‘खल’ असला तरी ‘नायक’ आहेच, जागा त्यालाही दिलेली आहे. ‘खलवीर’ मात्र भाषेने घडवला नाही.

साइडकिककडे वळतो. ‘साथीदार’ सध्या पोलिसांच्या बातम्यांनी खराब केलाय, ‘आरोपी व त्याचा साथीदार फरार’. ‘चेला’त गुरू लागतो, ‘चमचा’ बोलून टाकलात तर भांडण. मला ‘पाठीराखा’ आवडतो: पाठ राखणारा, आणि अभंगांपासून निवडणुकीच्या भाषणांपर्यंत रुळलेला. ‘ॲरो’मध्ये ऑलिव्हरच्या साथीने लढणाऱ्या जॉन डिगलला तो नेमका बसतो. शास्त्रात यासाठी ‘पीठमर्द’ असा शब्द आहे. नायकाशी निष्ठावान, हुशार, आणि गुणांत त्याच्यापेक्षा ‘किंचित ऊन’, म्हणजे थोडासाच कमी. साइडकिकची यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. पण तुमच्या लेखात ‘पीठमर्द’ घालू नका, वाचकाला पिठाची गिरणी आठवेल.

मात्र त्याच शास्त्रातले दोन शब्द चाहत्यांनी उचलण्यासारखे आहेत. कथेत लांब चालणारं उपकथानक ते ‘पताका’, थोडक्यात संपणारं ते ‘प्रकरी’. ‘ॲरो’मध्ये फेलिसिटी स्मोक २०१२ साली तिसऱ्या भागात एका कामापुरती आली होती, ती दुसऱ्या सीझनपासून कायमची झाली आणि पुढे ऑलिव्हरची बायको. प्रकरीची पताका झाली. काही चाहत्यांनी त्या जोडीला ‘ऑलिसिटी’ म्हणून डोक्यावर घेतलं, काहींनी पताकेने मुख्य काठीच वाकवली म्हणून बोटं मोडली. दोघांनाही काय झालं ते दिसत होतं, शब्द नव्हता.

अँटीहिरोसाठी समीक्षेत कधी कधी ‘प्रतिनायक’ वापरलेला दिसतो, तो टाळा. प्रतिनायक म्हणजे नायकाच्या समोर उभा असलेला, रामापुढे रावण. क्लार्कसमोरचा लेक्स लूथर प्रतिनायक, आणि आधी मित्र असल्यामुळे फार चांगल्या प्रतीचा. ‘द बॉइज’चा बिली बुचर किंवा जेसिका जोन्स हे मात्र स्वतः नायकाच्या जागी बसलेले आहेत, फक्त नायकाला शोभणारे गुण अंगात नाहीत. लोक बोलताना ‘ग्रे शेडचा हिरो’ म्हणतात. माझ्या मते तेच चालवा. ‘अनायक’ असा एक शब्द आहे, पण तो ऐकून गोष्टीत नायकच नाही असं वाटतं.

‘सुपरहिरो’ला प्रतिशब्द शोधूच नका. ‘महानायक’ अमिताभने घेतलाय, ‘अतिमानव’ तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांनी नीत्शेसाठी राखून ठेवलाय.

राहिली शुद्धलेखनाची बाब, कारण तुमच्या पत्रात ‘हिरो’ आणि ‘हीरो’ दोन्ही आहेत. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य, म्हणजे त्याच्या आधीच्या अक्षराचा, इकार ऱ्हस्व, हा मराठी शब्दांचा नियम: किडा, विळी, पिसू. परक्या शब्दांना तो किती लावायचा यावर एकमत नाही, ‘टीव्ही’ आपण दीर्घच लिहितो. मी ‘हिरो’ लिहितो आणि त्याचं एक खासगी कारण आहे. ‘हिरोज’मध्ये टोकियोतला एक कारकून आहे, वेळ थांबवणारा, नाव हिरो नाकामुरा. जपानीत त्याच्या नावातली ‘हि’ ऱ्हस्व, आणि इंग्रजीतून घेतलेला ‘हीरो’ ते दोन्ही स्वर दीर्घ करून म्हणतात, त्यामुळे कोटी तिथे पुरती जुळत नाही. मराठीत ऱ्हस्व लिहिलं की बरोब्बर जुळते.