परवाना कराराच्या खिडकीत ‘आय अ‍ॅक्सेप्ट’वर क्लिक होतच नाही, काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोजवर एक प्रोग्राम टाकताय, परवाना कराराची खिडकी येते आणि ‘आय अ‍ॅक्सेप्ट’वर कितीही क्लिक केलं तरी काही होत नाही. सेटअपची फाइल दोनदा नव्याने डाउनलोड करून झाली. एका मित्राने रिमोटने जोडून घेऊन बघितलं, त्याचाही क्लिक लागला नाही. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडलेला आहे.

आता तिसऱ्यांदा डाउनलोड करू नका. करार वाचता येण्याइतपत सेटअप चालू झालाय, म्हणजे दोष बहुधा फाइलमध्ये नाही. मी बरीच वर्षं ऑफिसातल्या लोकांचे कॉम्प्युटर सांभाळते. ही तक्रार आली की मी आधी एवढंच बघते की बटण नकार देतंय, की क्लिक बटणापर्यंत पोचतच नाहीये. वापरणाऱ्याला दोन्ही वेळेला ‘काही होत नाही’ असंच वाटतं, पण उपाय अगदी वेगळे आहेत. भलत्याच उपायाच्या मागे लागलं की अख्खी दुपार जाते.

ओळखायचं कसं? माउसवरून हात काढा आणि बटणावरची अक्षरं बघा. फिकट राखाडी असतील तर प्रोग्रामने बटण मुद्दाम बंद ठेवलंय, तो तुमच्याकडून काहीतरी व्हायची वाट बघतोय. अक्षरं शेजारच्या ‘कॅन्सल’इतकीच ठळक असतील तर बटण चालू आहे आणि क्लिक वाटेत कुठेतरी हरवतोय.

आधी फिकट बटणाचं. पुष्कळ सेटअप करार शेवटपर्यंत सरकवल्याशिवाय बटण उघडतच नाहीत, आणि तसं कुठे लिहिलेलंही नसतं. मजकुराच्या चौकटीत एकदा क्लिक करा, मग कंट्रोल आणि एंड या कळा एकत्र दाबा. नुसतं माउसचं चाक फिरवलं तर कधीकधी शेवटची अर्धी ओळ राहून जाते. काही ठिकाणी ‘मला मान्य नाही’ हा गोल आधीपासून निवडलेला असतो, म्हणून ‘नेक्स्ट’ फिकट राहतं. तो बदलला की झालं.

पण तळ गाठूनही बटण उघडत नाही, असा एक प्रकार आहे आणि तो मला फार छळून गेलाय. हल्ली कराराची खिडकी आतून बरेचदा वेबपानच असते. वापरणारा तळाशी पोचला का, हे ते पान बेरजेने ठरवतं: वरून किती सरकलं, अधिक चौकटीची उंची, बरोबर मजकुराची एकूण उंची. समजा एकूण उंची ४२१३ आणि चौकट ६०० आहे, तर तळाशी सरकलेलं अंतर ३६१३ यायला हवं. पण झूम ११० टक्के असेल किंवा विंडोजचं स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं करून दाखवायची सेटिंग, १२५ टक्के असेल, तर हे अंतर अपूर्णांकात येऊ शकतं, म्हणजे ३६१२.५. बेरीज होते ४२१२.५. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तंतोतंत बरोबरीची अट घातली असेल, तर त्याच्या हिशेबाने तुम्ही अजून अर्धा पिक्सेल वरच आहात. वापरणारा तळाशी टेकलेला असतो, याहून खाली जायला जागाच नसते, आणि बटण बंदच राहतं. अशा वेळी कंट्रोल आणि शून्य दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा. त्याने नाही भागलं तर डिस्प्ले सेटिंगमधलं स्केलिंग तेवढ्यापुरतं १०० करा, सेटअप बंद करून परत चालवा आणि काम झालं की पुन्हा होतं तिथे न्या. असे सेटअप लिहिणाऱ्यांपैकी कोणी वाचत असेल तर कळकळीची विनंती आहे, एका पिक्सेलची सूट ठेवा. अक्षरं मोठी करून वाचणारी माणसं नेमकी इथेच अडकतात, आणि आपल्यालाच काही जमत नाही असं त्यांना वाटत राहतं.

आता ठळक बटण. स्पीकरचा आवाज वाढवा आणि क्लिक करा. ‘डिंग’ असा आवाज आला का? आला तर त्या सेटअपची दुसरी एखादी छोटी खिडकी कुठेतरी उघडी आहे आणि तिला उत्तर मिळेपर्यंत विंडोज मागच्या खिडकीला हात लावू देत नाही. तुमच्याकडे बाहेरचा मॉनिटर आहे, म्हणून माझा पहिला संशय इथेच आहे. ती खिडकी दुसऱ्या पडद्यावर, कदाचित दुसऱ्या खिडकीच्या मागे, किंवा मॉनिटर बंद असेल तर न दिसणाऱ्या जागी उघडली असेल. ऑल्ट आणि टॅब दाबून सगळ्या खिडक्या बघा. नाहीतर विंडोज की आणि पी दाबून फक्त लॅपटॉपचा पडदा निवडा, सगळ्या खिडक्या एकाच ठिकाणी गोळा होतील. दोन पडद्यांचं स्केलिंग वेगळं असेल तर यानेच आणखी एक भानगड मिटते. काही जुन्या सेटअपना दुसऱ्या पडद्यावर बटण दिसतं एका जागी आणि क्लिक लागतो दुसऱ्याच जागी.

आवाज आला नाही, पण खिडकीच्या मथळ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं दिसलं, तर थांबा. एखाद्या खिडकीने ५ सेकंद कुठल्याच क्लिकची किंवा कळेची दखल घेतली नाही की विंडोज ती अडकली असं धरून चालतं आणि तिच्या जागी तिचं नुसतं चित्र उभं करतं. त्या चित्रावर पन्नास क्लिक केले तरी आतल्या प्रोग्रामला त्याचा पत्ता नसतो. बरेचदा मागे अँटिव्हायरस फाइल तपासत असतो. दहा मिनिटं द्या, मगच टास्क मॅनेजर उघडून सेटअप बंद करा.

मग माउस बाजूला ठेवून कीबोर्ड घ्या. ही युक्ती मी सगळ्यांनाच सांगते. टॅब हळूहळू, एकेकदा दाबत जा. प्रत्येक वेळी एका बटणाभोवती बारीक ठिपक्यांची चौकट किंवा गडद कड येते. ती ‘आय अ‍ॅक्सेप्ट’वर आली की स्पेसबार दाबा. गोल निवडायचा असेल तर बाणाच्या कळा वापरा. बटणाच्या नावातल्या एखाद्या अक्षराखाली रेघ दिसली तर ऑल्टसोबत ते अक्षर दाबूनही चालतं. कीबोर्डने बटण दाबलं गेलं आणि माउसने नाही, तर दोष माउसच्या वाटेवर आहे एवढं तरी पक्कं होतं.

कधीकधी बटण पडद्याच्या बाहेरच असतं. आमच्या हिशेब विभागातल्या एक बाई नजर कमी झाल्यामुळे अक्षरं १७५ टक्के ठेवून काम करायच्या. त्यांना बटणाची फक्त वरची कड दिसत होती, बाकीचं टास्कबारच्या मागे. त्या क्लिक करत होत्या तो टास्कबारवर लागत होता. खिडकीचा आकार बदलता येत नव्हता आणि माउसने ओढून ती पुरेशी वर जाईना. ऑल्ट आणि स्पेस दाबून खिडकीचा मेनू उघडला, त्यात ‘मूव्ह’ निवडलं आणि वरच्या बाणाने खिडकी सरकवत नेली. मथळा पडद्याच्या वर गेला आणि खालून ‘नेक्स्ट’ आख्खं बाहेर आलं. चार महिने त्या एका प्रोग्रामशिवाय काम करत होत्या त्या. कोणी शेजारी बसून त्यांचा पडदा बघितलाच नव्हता, फोनवरून ‘पुन्हा टाकून बघा’ एवढंच सांगितलं होतं.

तुमच्या मित्राचा क्लिक का लागला नाही, याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये असा नियम आहे की साध्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम अ‍ॅडमिन अधिकाराने चालणाऱ्या खिडकीला क्लिक किंवा कळा पाठवू शकत नाही. सेटअप बहुधा अ‍ॅडमिन म्हणूनच चालतो. रिमोटचं साधन साध्या अधिकाराने उघडलेलं असेल तर मित्राला खिडकी दिसते, बाण हलतो, पण क्लिक वाटेतच अडवला जातो. व्हायरसने परस्पर ‘हो’ म्हणू नये म्हणून ही भिंत घातलीय, आणि ती असावीच. म्हणून मित्राचा क्लिक लागला नाही यावरून सेटअप बिघडलाय असं समजू नका. रिमोटचं साधन ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, किंवा त्याहून सोपं, मित्र फोनवर सांगेल आणि बटण तुम्ही दाबा.

हाच विचार दुसरीकडेही दिसतो. मॅकवर २०१७च्या हाय सिएरा या आवृत्तीपासून ड्रायव्हरसारख्या गोष्टींना परवानगी देणारं ‘अलाउ’ बटण रिमोटवरून किंवा माउस बदलणाऱ्या एखाद्या साधनातून आलेले क्लिक मानत नव्हतं आणि ते दिसायचंही फक्त ३० मिनिटं. अँड्रॉइडवर रात्री पडदा पिवळसर करणारं एखादं अ‍ॅप सगळ्यावर पातळ थर पसरून बसतं. वर दुसऱ्याचा थर आहे हे कळलं की ‘इन्स्टॉल’ किंवा परवानगीचं बटण बोट लावलं तरी हलत नाही. ते अ‍ॅप थोडा वेळ बंद केलं की चालतं.

लिनक्सवाल्यांसाठी एवढंच. उबुंटूत मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट टाकताना टर्मिनलमध्ये कराराचा रंगीत पडदा येतो आणि त्यातल्या ‘ओके’वर माउस चालत नाही. तो मुळात अक्षरांचा पडदा आहे. टॅब दाबून ‘ओके’ उजळवा, मग एंटर. पुढच्या पडद्यावर बाणाने ‘येस’. चुकून ‘नो’ झालं तर ते उत्तर नोंदलं जातं, म्हणून पॅकेज पर्ज करून, म्हणजे नोंदींसकट काढून, परत टाका. मॅकवर एक्सकोड या प्रोग्राम लिहायच्या साधनाचा करार टर्मिनलमध्ये उघडला तर स्पेसने शेवटपर्यंत जा आणि ‘अ‍ॅग्री’ हा शब्द रोमन अक्षरांत टाइप करा. कीबोर्ड मराठीवर राहिलेला नाही ना, तेवढं बघा.

बंद बटण जबरदस्तीने चालू करणारी छोटी साधनं तुम्हाला कोणी सुचवेल. मी ती वापरत नाही. प्रोग्राम ज्याची वाट बघतोय ते राहूनच जातं आणि पुढे भलत्याच जागी अडतं. शिवाय करार मान्य करणं ही खरीखुरी संमती आहे. मशीन ऑफिसचं असेल तर ती द्यायचा अधिकार कोणाचा, हे आधी विचारून घ्या.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: बाहेरचा मॉनिटर काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, सेटअपवर उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा, कराराच्या चौकटीत क्लिक करून तळाशी जा, मग टॅब आणि स्पेसबार. तरीही अडलं तर मला कळवा: अक्षरं फिकट होती की ठळक, क्लिक केल्यावर आवाज आला का, आणि टॅब दाबल्यावर चौकट ‘आय अ‍ॅक्सेप्ट’वर थांबते की त्याला ओलांडून पुढे जाते. ओलांडून जात असेल तर बटण बंदच आहे, मग अक्षरं कितीही ठळक दिसोत. तसं असेल तर स्केलिंगचा आकडाही लिहा, पुढचं तिथून बघू.