एक्सरेच्या आधी हात बघ

प्रिय डॉक्टर,

काल रात्री दोन वाजता तू फोनवर पहिलंच वाक्य टाकलंस, "सर, सहा वर्षांची मुलगी, सुप्राकॉन्डायलर, गार्टलँड थ्री." म्हणजे कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलेलं, तिसऱ्या प्रकारचं. मी विचारलं मनगटाची पल्स कशी आहे, तर म्हणालास थांबा, बघून सांगतो. तेव्हा काही बोललो नाही, आता निवांत लिहितोय.

गार्टलँड या सर्जनने 1959 मध्ये या फ्रॅक्चरचे टाइप पाडले ते हाड किती सरकलंय त्यावर. वन जागचं हललेलं नाही, टू मागे कललंय पण मागची कॉर्टेक्स, म्हणजे हाडाची कडक बाहेरची भिंत, बिजागरीसारखी धरून आहे, थ्रीमध्ये तेही सुटलं. नंतर फोर आला, तो पुढेमागे दोन्हीकडे डुलतो आणि बहुतेक वेळा भूल दिल्यावरच कळतो. पण या आकड्यांत आर्टरी कुठेय, नर्व्ह कुठेय? ती हात लावूनच कळतात.

मुलांना "बोटं हलव" म्हटलं की रडतात. त्यापेक्षा स्वतः अंगठा आणि तर्जनीचं गोल करून दाखव, म्हण असं कर बरं. टोकाला टोक लागून गोल झालं तर ठीक, बोटं सपाट चिकटली तर अँटिरियर इंटरऑसियसला, म्हणजे अंगठा-तर्जनीची टोकं वाकवणाऱ्या नर्व्हला, मार बसलाय, आणि या फ्रॅक्चरमध्ये हीच नर्व्ह सगळ्यात जास्त दुखावते. ते ऑपरेशनच्या आधी केसपेपरवर लिही. मी एकदा अल्नर, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नर्व्ह, तपासली पण लिहिली नाही, त्याच बाजूने हाड धरून ठेवणारी वायर घातली, सकाळी करंगळी बधिर. आधीची की माझी, काय सांगणार होतो वडिलांना!

पल्स लागत नाही पण हात गुलाबी, गरम आहे तर घाबरू नकोस, पण रेंगाळूही नकोस, हाड बसवलं की बऱ्याचदा पल्स परत येते. बसवूनही हात पांढरा, थंड राहिला तर तिथूनच व्हॅस्क्युलरवाल्यांना, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना, बोलाव. ऑपरेशन होईपर्यंत कोपर थोडंसंच वाकवून स्लॅब, म्हणजे एका बाजूचं प्लास्टर, दे, सुजलेलं कोपर नव्वदच्या पुढे दुमडायचं नाही. आणि पोर सारखं पेनकिलर मागायला लागलं, चिडचिड वाढली तर नर्सला डोस वाढवायला सांगण्याआधी स्लॅब उघड, आत सुजून हात दाबला जात असेल.

वनला तीन आठवडे स्लॅब पुरतो. थ्रीला बंद रिडक्शन करून, म्हणजे न कापता हाड जागेवर बसवून, के-वायर, म्हणजे बारीक पिना, मी बाहेरूनच दोन किंवा तीन घालतो, फ्रॅक्चरपाशी एकमेकींपासून लांब, तीनचार आठवड्यांनी ओपीडीत काढतो. फसवतो तो टू. लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेला, एक्सरे नीट सरळ घेतलेला असेल तरच ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, पुढच्या कडेची रेघ ओढ, ती कॅपिटेलमच्या, म्हणजे त्या हाडाच्या खालच्या टोकाच्या गोल भागाच्या, मधल्या तिसऱ्या भागातून जायला हवी, अगदी लहान पोरांत जरा पुढून गेली तरी चालते. आणि तुकडा फिरलेला असेल तर "टूच आहे, स्लॅब लावू" म्हणायचं नाही, वायर घाल, नाहीतर कोपर आत वाकून बसतं आणि तो बाक वाढीबरोबर सरळ होत नाही.

सकाळी राउंडला त्या मुलीकडून गोल करून घेतलंस का? कळव.