पहिल्या मदत-स्ट्रीमपूर्वी

आपत्तिग्रस्तांसाठी तुम्ही पहिल्यांदाच स्ट्रीम करणार आहात, म्हणजे गेम खेळतानाचे थेट प्रक्षेपण दाखवून देणग्या गोळा करणार आहात, याचा मनापासून आनंद वाटला. मात्र गेम ठरवण्याआधी पैसे कोणत्या खात्यात जाणार, ते ठरवा. देणग्या स्वतःच्या खात्यात घेऊन पुढे पाठवण्याचा विचार कितीही प्रामाणिक असला तरी सोडून द्या, कारण एखाद्याने बँकेकडे तक्रार करून कार्डाने दिलेली रक्कम काही आठवड्यांनी परत मागितली, तर ती तुम्हाला पदरची भरावी लागते. माझ्यावर ही वेळ आली आहे. टिल्टिफायसारख्या ऑनलाइन देणगी-व्यासपीठावर रक्कम तुमच्या हातातून न जाता संस्थेपर्यंत पोहोचते.

मार्च 2011 मध्ये जपानमधील भूकंप आणि त्सुनामीनंतर स्पीडरनर (गेम कमीत कमी वेळात पूर्ण करणाऱ्या) मंडळींनी महिन्याच्या आत सलग गेम खेळण्याची मॅरेथॉन घेऊन ‘केअर’ या मदत संस्थेसाठी निधी उभारला. हे शक्य झाले, कारण जानेवारीतल्या मॅरेथॉनचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. म्हणून तुम्हीही एखादी छोटी रंगीत तालीम अवश्य करा.

आणि बॉसशी, म्हणजे गेममधल्या बलाढ्य शत्रूशी, लढत ऐन रंगात आली असली, तरी देणगीसोबत आलेला निरोप गेम थांबवून सावकाश वाचा. आपत्तिग्रस्त भागात स्वतःचे नातेवाईक असलेली माणसेही तिथे लिहीत असतात.