प्रकाशाचा वेग : शेवटचे तीन मीटर

प्रश्न : कणाला ऊर्जा देत राहिलं की त्याचा वेग वाढत जातो. मग कधीतरी तो प्रकाशाचा वेग गाठायला हवा. अडतं कुठे?

उत्तर : कण ऊर्जा घ्यायचा थांबत नाही, ती वेगात दिसेनाशी होते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला लार्ज हेड्रॉन कोलायडर घ्या : कणांना वर्तुळात फिरवत ऊर्जा देणारं यंत्र, घेर २७ किलोमीटर. प्रोटॉन त्यात शिरतो तेव्हाच त्याची ऊर्जा ४५० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. शाळेतलं सूत्र (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) इथे वापरलं तर वेग प्रकाशाच्या ३१ पट निघतो! प्रत्यक्षात तो प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे ६५० मीटरने कमीच असतो.

पुढची साधारण २० मिनिटं, सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारताना, त्याला दर फेरीला विद्युतक्षेत्राचा धक्का बसत राहतो. ऊर्जा १५ पट होऊन ६,८०० अब्जांवर पोचते. आणि वेगातली तूट? अजूनही सेकंदाला २.८५ मीटर. माणूस सावकाश धावतो, तेवढी.

ती ऊर्जा वाया गेलेली नसते. तिच्यामुळे संवेग वाढलेला असतो, आणि तो चुंबकांना जाणवतो. प्रोटॉनला त्याच वर्तुळात वळवायला चुंबकीय क्षेत्र अर्ध्या टेस्लावरून ८ टेस्लांपर्यंत चढवावं लागतं, तेही ऊर्जेच्या पावलाशी पाऊल जुळवून. क्षेत्र मागे पडलं की प्रोटॉन बाहेरच्या बाजूला सरकतात आणि नळीच्या भिंतीवर आदळू शकतात.

कणाच्या एकूण ऊर्जेचं खरं सूत्र असं : अंशात स्थिर ऊर्जा (कण थांबलेला असतानाही असणारी), छेदात (१ वजा वेग-प्रकाशवेग गुणोत्तराचा वर्ग) याचं वर्गमूळ. दोन्ही वेग सारखे झाले की छेद शून्य होतो. वस्तुमान असलेल्या कणाला तिथे पोचवायला अमर्याद ऊर्जा लागेल. वस्तुमान नसलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, मात्र निघतो तोच त्या वेगाने. (‘वेगाने वस्तुमान वाढतं’ असं पुस्तकांत आढळतं, आम्ही ते टाळतो. ऊर्जा आणि संवेग वाढतात, एवढं पुरे.)

प्रश्न : मग अणुभट्टीच्या पाण्यातला निळा प्रकाश प्रकाशाहून वेगवान कणांमुळे पडतो, हे खोटं का?

उत्तर : खरं आहे. ओलांडता न येणारी मर्यादा निर्वातातल्या वेगाची, सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरची. पाण्यात प्रकाश सुमारे सव्वादोन लाखांवर येतो. साधारण २.६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक गतिज ऊर्जेचा इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकतो आणि जाताना निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश सोडतो. ट्रॉम्बेची १९५६ मधली अप्सरा अशाच, पाण्याच्या कुंडात बसवलेल्या प्रकारची भट्टी होती. पाण्यात धडका खात इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्या हद्दीखाली उतरली की त्याचा निळा प्रकाश तिथेच थांबतो.